वेशीवरचा संगणक

शिरपूर जैनला पत्र पाठवणाऱ्या लंडनच्या माणसाला वाशिम जिल्हा कोठे आहे, तेथे टपाल कोणत्या रस्त्याने जाते, हे ठाऊक असण्याची गरज नसते. गावाचे नाव, पिन क्रमांक आणि देश एवढे लिहिले की पुरे. पिनमधील पहिला ४ पत्राला महाराष्ट्राच्या बाजूस वळवतो, ४४४ हे आकडे त्याला वऱ्हाडात आणतात, आणि पुढची वाट टपालखाते आपल्या घरच्या माहितीवर काढते. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १९७२ साली सुरू झाली. संगणकावरच्या टपालाला, म्हणजे ई-मेलला, हीच साधी सोय साधायला बरीच खटपट पडली. आपल्या देशातील त्या खटपटीचा मोठा भाग मुंबईत जुहू येथे झाला.

केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीने १९८६ साली अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, खुद्द तो विभाग आणि जुहूची एनसीएसटी असे आठ भागीदार होते. एनसीएसटी १९८५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून वेगळी झाली होती. तिचे प्रमुख होते श्रीनिवासन रमणी. पहिला दुवा जुळला तो जुहू आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये, साध्या दूरध्वनीवरून.

संगणक तेव्हा एकमेकांना कायमचे जोडलेले नसत. एक दुसऱ्याला मोडेमवरून फोन करी, साठलेली पत्रे देई, त्याच्याकडची घेई आणि फोन ठेवी. यूयूसीपी नावाच्या आज्ञावलीची ही रीत. परदेशी फोन महाग, म्हणून तो एकाच संस्थेने करावा आणि बाकीच्यांनी आपली पत्रे तिच्याकडे द्यावीत, हे ओघानेच आले. अशी जुहू ही अर्नेटची वेस झाली. आज गेटवे म्हटले की सुरक्षितता आठवते. आमच्या मते आपल्याकडे त्याचा जन्म काटकसरीतून झाला.

अडचण पत्त्याची होती. यूयूसीपीत पत्ता म्हणजे सगळा रस्ताच: ‘यूयूनेट!शक्ती!’ अशी वाटेतल्या संगणकांची नावे उद्गारचिन्हांनी जोडायची आणि शेवटी माणसाचे नाव. शक्ती हा जुहूचा संगणक. मधला एक दुवा बदलला की जगभरच्या वह्यांतले पत्ते चुकीचे!

यावर तोड क्रेग पार्ट्रिज यांच्या जानेवारी १९८६ च्या टिपणात सापडते. प्रत्येक संस्थेच्या नावापुढे, तिचे टपाल कोणत्या संगणकाकडे द्यावे, अशी एक नोंद सार्वजनिक यादीत ठेवायची. तिला एमएक्स नोंद म्हणतात. ही नोंद संस्थेच्या स्वतःच्या संगणकाची असावी असे बंधन नाही. ती वेशीवरच्या संगणकाची चालते. मग आतली मांडणी कितीही बदलो, पत्ता बदलत नाही. भारताला ‘.इन’ हे नाव १९८९ साली मिळाले. १९९१ साली दिल्ली आणि मुंबई सेकंदाला ९६०० बिट वाहणाऱ्या तारेने जोडल्या गेल्या. तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र त्या तारेवरून न्यायला किती वेळ लागेल, हे गणित वर्गात घालण्याजोगे आहे. उत्तर पाऊण तासाच्या जवळपास येते.

वेशीवर पत्र आले, पुढे काय? वेशीवरच्या संगणकाने आतल्या सर्व्हरचा पत्ता त्याच सार्वजनिक यादीत शोधला, तर तेथे त्याला स्वतःचेच नाव दिसेल. म्हणून त्याच्यापाशी एक खासगी तक्ता लागतो: या संस्थेचे पत्र, यादी न पाहता, सरळ अमक्या यंत्राकडे. हा तक्ता चुकला तर पत्र दोघांमध्ये घिरट्या घालत राहते, शेवटी शिक्क्यांची ठरावीक मर्यादा ओलांडली की परत जाते.

याहून नाजूक बाब जबाबदारीची. जॉन पोस्टेल यांच्या १९८२ च्या नियमांनुसार ‘२५०’ हा आकडा उलट कळवला, की पत्र पोहोचवण्याची किंवा नाकारल्याचे कळवण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. वेशीवरचा संगणक आत कोण राहतो हे न पाहता सगळेच घेत सुटला, तर आतून नकार आल्यावर त्याला पाठवणाऱ्याला कळवावे लागते. पाठवणाऱ्याचे नाव खोटे असेल, तर हे नकार तिसऱ्याच निरपराध माणसावर कोसळतात. फसव्या टपालाचा पूर आल्यावर हा दोष उघडा पडला. आतल्या रहिवाशांची यादी वेशीवरच ठेवावी आणि अनोळखी नाव दारातच ‘५५०’ म्हणून नाकारावे, हा त्यावरचा उपाय.

आपल्या एखाद्या ई-मेलचे संपूर्ण शीर्ष उघडून पाहावे. प्रत्येक टप्प्याचा शिक्का त्यात असतो, नवा वर आणि जुना खाली. सर्वांत वरचा बहुधा आतल्या सर्व्हरचा, त्याखाली कोठेतरी वेशीचा. वेशीखालच्या शिक्क्यांवर फार विश्वास ठेवू नये, ते बनावट असू शकतात. वरच्या दोन वेळांतील फरक विद्यार्थ्यांना काढायला सांगावा. तो आता सहसा काही सेकंदांचा निघतो. यूयूसीपीच्या दिवसांत पुढच्या फोनची वेळ होईपर्यंत पत्र वेशीवरच थांबे.