घाटमाथ्यावरचे आटे

बोरघाटाचा इतिहास आपण सनावळीने सांगतो. 1830 च्या नोव्हेंबरात मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी गाडीरस्ता खुला केला. 1863 मध्ये रेल्वे घाट चढून आली. 2000 ते 2002 या काळात द्रुतगती मार्ग टप्प्याटप्प्याने सुरू झाला. 2020 च्या एप्रिलमध्ये जुना अमृतांजन पूल पाडला गेला. या तारखा खऱ्याच आहेत. पण लोणावळ्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला या घाटाचा आणखी एक इतिहास ठाऊक आहे. तो 14 मिलिमीटरच्या एका भोकात मावतो.

खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता सुमारे 550 मीटर वर चढतो. रेल्वेने आपली सोय केली. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली. मोटारीला मागून ढकलणारे कोण? मे महिन्याचे ऊन, आत सहा माणसे, टपावर वळकट्या, आणि सगळा चढ खालच्या गिअरमध्ये. माथ्यावर पोचेपर्यंत रेडिएटरमधून वाफ निघायची, पेट्रोलपंपावर ओले फडके टाकावे लागायचे. म्हणून जुन्या रस्त्याला चिक्कीच्या दुकानांबरोबर गॅरेजेही वाढली. चिक्कीला थांबणारा प्रवासी हसत उतरायचा, आमच्याकडे येणारा घाम पुसत.

त्या काळी रस्त्यावर मुख्यतः दोन गाड्या होत्या. अँबेसेडर आणि फियाट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी ही फियाट 1970 च्या दशकात 'पद्मिनी' झाली. अँबेसेडरच्या इंजिनाचे हेड बिडाचे, तर फियाटचे ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम हलके, उष्णता लवकर सोडणारे, पण मऊ. त्यात बसणारा स्पार्क प्लग मात्र पोलादी. ठिणगीने वायू पेटवण्याची युक्ती लेन्वार या संशोधकाने 1860 मध्येच आपल्या इंजिनात वापरली होती. 1902 मध्ये बॉश कंपनीतल्या होनोल्डने उच्च दाबाच्या विजेची जोडणी तयार केली आणि प्लग मोटारीत पक्का बसला. सगळी गाडी त्या ठिणगीवर चालते, आणि प्लग हेडमध्ये टिकतो तो मोजक्या आट्यांवर. आम्ही मराठीत आटे म्हणतो, माझे मामू त्याला 'चूडी' म्हणत. चूडी म्हणजे बांगडी. शब्द बरोबरच होता. दोन्ही जोराने चढवल्या की तुटतात.

1988 च्या मे महिन्यात, कॉलेजला सुट्टी असताना, मी मामूंच्या गॅरेजात हाताखाली होतो. एका शुक्रवारी मामू जुम्म्याच्या नमाजला गेलेले असताना एक फियाट धापा टाकत आली. एक सिलिंडर मिसिंग मारत होता. मागच्या सीटवर डोळ्यांना हिरवी पट्टी लावलेले आजोबा बसले होते. पुण्याला त्यांचे ऑपरेशन ठरलेले. मालक घाईत आणि मी हुशारी दाखवण्याच्या वयात. बॉनेट उघडले, प्लगपाना लावला. दोन प्लग निघाले. तिसरा अडकला. मी पान्यावर सगळे वजन टाकले. तो निघाला, पण त्याच्या अंगाला चांदीच्या तारेसारखे काहीतरी गुंडाळलेले होते. ते हेडचे आटे होते. नवा प्लग लावला, तो नुसताच फिरत राहिला.

कारण साधे आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि आणखी मऊ होते. आट्यांत काजळी धरलेली असली, की प्लग निघताना ते ओरबाडून आणतो. उलट, गरम हेडमध्ये थंड प्लग आवळला, तर निवताना हेड त्याला असे करकचून धरते की पुढच्या खेपेला तेच संकट.

मामू आले. पाहिले. मला एवढेच म्हणाले, "बेटा, गरम हेडको हात नको लगाव, बोला था ना?" मग मालकांकडे वळले. "साहेब, गाडी तुमची, चूक आमच्या पोराची. आजोबांना लोकलने पुढे न्या. गाडी परवा तयार मिळेल. खर्च आमचा." गाडी मुळातच बिघडली होती, असे ते सहज सांगू शकले असते. कोणाला कळले असते? त्यांनी आजोबांचा हात धरून त्यांना स्टेशनपर्यंत पोचवले.

हेड उतरवून लेथवर नेले. भोक मोठे केले, त्याला नवे आटे पाडले, त्यात धातूचे बुश बसवले आणि बुशाच्या आत पुन्हा 14 मिलिमीटरचे आटे पाडले. हेड बसवताना गॅस्केट नवे. मोठ्या गॅरेजांत हेलिकॉइल नावाची पोलादी तारेची गुंडाळी बसवतात. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या ॲल्युमिनियमच्या भागांत ही युक्ती फार उपयोगी पडली होती. पोलादी आधार मिळाल्याने दुरुस्त केलेले आटे मूळच्यापेक्षा मजबूत होतात. ते गृहस्थ पुढे अनेक वर्षे प्लग बदलायला मुद्दाम आमच्याकडेच थांबत. आटे कोणाचे मजबूत झाले होते, हे मला उशिरा कळले.

2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. द्रुतगती मार्गावरून गाड्या न थांबता जातात. पूर्वी दहा-पंधरा हजार किलोमीटरला बदलावा लागणारा प्लग आता इरिडियमचा असला, तर लाखापर्यंत चालतो. पण आता जवळपास सगळ्याच हेडांत ॲल्युमिनियम आहे, आणि वर्षानुवर्षे न हललेला प्लग आट्यांत जाम बसतो. म्हणून मामूंचा नियम अजून लागू आहे. इंजिन पूर्ण निवू द्या. प्लग काढण्याआधी भोवतालची धूळ फुंकून टाका. नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवा. तो अडला तर जोर लावू नका, मागे फिरवून पुन्हा सुरुवात करा. पाना शेवटी.

घाटाच्या इतिहासात मामूंचे नाव कुठे नाही. त्यांनी बसवलेले ते बुश मात्र गाडी भंगारात जाईपर्यंत सुटले नाही.