इलेक्ट्रॉनीय मंडलांतील दोषशोधन

इलेक्ट्रॉनीय मंडलांतील दोषशोधन : रेडिओ ग्राही, विवर्धक, विद्युत् पुरवठा यांसारखे मंडल अपेक्षेप्रमाणे काम करीत नसल्यास बिघाडाचे स्थान व कारण पद्धतशीरपणे ठरविण्याच्या क्रियेस दोषशोधन म्हणतात. जळलेला रोधक, तुटलेली तार किंवा डाखाचा कच्चा सांधा हे दोष डोळ्यांना दिसू शकतात तथापि बहुतेक दोष दिसत नाहीत. त्यामुळे दोषशोधनाचा इतिहास हा मुख्यतः न दिसणारी गोष्ट मोजमापावरून ओळखण्याचा इतिहास आहे. घरी मंडले जुळविणारे हौशी लोक आज जे नियम पाळतात, त्यांचा उगम एकोणिसाव्या शतकातील सागरी तारायंत्र केबलींत सापडतो.

सागरी केबली : गेओर्क झिमोन ओहम यांनी १८२७ मध्ये विद्युत् दाब, प्रवाह व रोध यांचा संबंध मांडला. १८३३ मध्ये सॅम्युएल क्रिस्टी यांनी वर्णिलेली रोध मोजण्याची सेतू-रचना चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८४३ मध्ये प्रचारात आणली. या दोन्हींचे व्यावहारिक महत्त्व मात्र एका मोठ्या अपयशानंतर पटले. आयर्लंड व न्यू फाउंडलंड यांना जोडणारी पहिली अटलांटिक केबल ५ ऑगस्ट १८५८ रोजी पूर्ण झाली. १६ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पाठविण्यास सुमारे १६ तास लागले. तारेवरील गटापर्चाचे निरोधन ठिकठिकाणी सदोष होते. संकेत क्षीण येतात, तेव्हा जोर वाढवावा, असे मानून कंपनीचे विद्युत् तज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी मोठ्या प्रवर्तन वेटोळ्यांनी सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला. विल्यम टॉमसन (नंतरचे लॉर्ड केल्व्हिन, १८२४–१९०७) यांचे मत याच्या उलट होते. दाब अल्प ठेवून ग्रहण करणारे उपकरण अधिक संवेदनशील करावे, असे ते म्हणत व त्यासाठी त्यांनी आरशाचे गॅल्व्हानोमीटर तयार केले होते. केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. ती मुळातच कमकुवत होती, परंतु उच्च दाबामुळे तिचा शेवट लवकर झाला.

या अपयशाची चौकशी करणाऱ्या समितीने १८६१ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने रोधाचे प्रमाणित एकक ठरविण्यासाठी समिती नेमली. ठराविक लांबीच्या तारेचा रोध माहीत असल्यास किनाऱ्यावर बसून दोषाचे अंतर काढता येऊ लागले. उदा., तारेचा रोध दर किलोमीटरला १० ओहम असून मापन २,५०० ओहम आले, तर दोष २५० किमी. अंतरावर असावा. प्रत्यक्षात दोषाच्या जागीही काही रोध असतो म्हणून दोन्ही टोकांकडून मापन करून तो वजा करण्याच्या पद्धती योजाव्या लागल्या. १८६५ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरून केबल टाकताना तिची सतत परीक्षा होत असे व निरोधनात घुसलेले तारेचे तुकडे त्यामुळेच लक्षात आले. ती केबल तुटली, परंतु १८६६ मध्ये कायमचा दुवा साधला. १८७० मध्ये याच जहाजाने मुंबई व एडन यांमधील केबल टाकली.

रेडिओ व बहुमापी : निर्वात नलिकांच्या प्रसारानंतर दोषशोधन घरोघरी आले. १९२३ मध्ये ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते डोनल्ड मॅकाडी यांच्या कल्पनेवरून ‘अव्होमीटर’ हे उपकरण बाजारात आले. अँपिअर, व्होल्ट व ओहम या तिन्ही एककांतील मापने त्यावर होत आणि त्यांच्या आद्याक्षरांवरूनच त्याचे नाव पडले. त्याचे उत्पादन २००८ पर्यंत चालू होते. अमेरिकेत जॉन रायडर यांनी १९३१ पासून निरनिराळ्या उत्पादकांच्या ग्राहींची मंडलचित्रे एकत्र छापण्यास सुरुवात केली. मंडलाच्या कोणत्या बिंदूवर किती दाब असावयास हवा हे माहीत झाल्याशिवाय मोजलेल्या आकड्यास अर्थ येत नाही. म्हणून बहुमापीइतकेच मंडलचित्रही दोषशोधनाचे साधन ठरले.

रेडिओ ग्राही टप्प्याटप्प्यांनी बनलेला असतो. मधल्या टप्प्यावर संकेत तपासला असता दोष अलीकडे आहे की पलीकडे, ते कळते. अशा रीतीने दर वेळी निम्मा भाग वगळल्यास आठ टप्प्यांतील सदोष टप्पा तीन चाचण्यांत सापडतो. सदोष घटक मिळाला तरी काम संपत नाही. दोन नलिकांना जोडणाऱ्या कागदी धारित्रातून (विद्युत् भार साठविणाऱ्या घटकातून) गळती होऊ लागल्यास पुढील नलिकेच्या ग्रिडवर धन दाब येतो व तिच्यातून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहून ती निकामी होते. केवळ नलिका बदलल्यास नवीही जाते. लक्षण व कारण यांतील हा भेद न ओळखणे म्हणजे १८५८ मधील चुकीचीच पुनरावृत्ती होय.

मापनामुळे होणारा फरक : बहुमापी जोडताच तो मंडलाचाच भाग बनतो. प्रत्येकी १० लक्ष ओहमचे दोन रोधक एकसरीत १०० व्होल्टला जोडले, तर मधल्या बिंदूवर ५० व्होल्ट हवेत. दर व्होल्टला १,००० ओहम रोध असलेला बहुमापी १०० व्होल्टच्या कक्षेत तेथे सुमारे ८ व्होल्ट दाखवितो, दर व्होल्टला २०,००० ओहमचा ४० व्होल्ट, तर १ कोटी ओहम आदान रोधाचा अंकीय बहुमापी सुमारे ४८ व्होल्ट दाखवितो. मंडल तिन्ही वेळा निर्दोष असते. अनेक नवशिके अशा वेळी चांगला घटक काढून टाकतात.

वेळेनुसार बदलणारे दाब सुईच्या उपकरणावर दिसत नाहीत. त्यासाठी कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केलेल्या ऋण किरण नलिकेवर आधारलेला दोलनदर्शक उपयोगी पडला. १९४७ मध्ये अमेरिकेतील हीथ कंपनीने युद्धोत्तर शिल्लक घटकांचा उपयोग करून दोलनदर्शकाचा सुटा संच विक्रीस आणला. एरवी महाग असलेले हे उपकरण हौशी माणसाला स्वतः जुळवून मिळविता येऊ लागले.

ट्रँझिस्टर व नंतरचा काळ : डिसेंबर १९४७ मध्ये ट्रँझिस्टरचा शोध लागल्यानंतर दाब कमी झाले, घटक लहान झाले आणि दोषांचे स्वरूप बदलले. एएफ ११७ सारख्या जुन्या जर्मेनियम ट्रँझिस्टरांच्या धातूच्या आवरणात आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढून अंतर्गत मंडलसंक्षेप होतो. विद्युत् विच्छेद्य असलेली धारित्रे कालांतराने सुकतात. १९९९ नंतरच्या काही वर्षांत सदोष विच्छेद्यामुळे संगणकांतील अशी धारित्रे फुगून फुटल्याची असंख्य उदाहरणे घडली. १ जुलै २००६ पासून यूरोपीय संघात बहुतेक इलेक्ट्रॉनीय वस्तूंत शिसेयुक्त डाखावर बंदी आल्यावर कथिलाच्या तंतूंकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

१९७२ मध्ये आलेल्या ५५५ या कालमापक एकात्मीकृत मंडलासारख्या स्वस्त घटकांमुळे हौशी जुळणी सर्वत्र पसरली. मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) अशा घटकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. एकात्मीकृत मंडलाच्या आत पाहता येत नाही म्हणून प्रथम पुरवठ्याचा दाब, मग जमिनीची जोडणी, मग आदान व शेवटी प्रदान असा क्रम पाळतात. मुख्य विद्युत् पुरवठ्यावरील उपकरणात वीज बंद केल्यावरही धारित्रांत प्राणघातक भार राहू शकतो. म्हणून तो योग्य रोधकातून काढून टाकल्याची मापनाने खात्री करून घेतल्यानंतरच मंडलास हात लावतात. दाब वाढवून पाहणे, किंवा घटक एकामागून एक बदलणे, यांऐवजी अपेक्षित मूल्य आधी लिहून ठेवणे व मग मोजणे हाच दोषशोधनाचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग ठरला आहे.