गोदाकाठचे पोलाद, इस्फहानचे गिऱ्हाईक

हौसेने घडवून घेतलेली सुरी हातात आली की जाणते गिऱ्हाईक आधी धार पाहत नाही. ते पाते उजेडाकडे तिरके धरते. करड्या पोलादावर बारीक नागमोडी रेघा उमटलेल्या दिसतात. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे भोवऱ्यासारख्या फिरलेल्या. ही नक्षी कोरलेली नसते की वरून चढवलेली नसते. ती पोलादाच्या अंगातच असते. अशा पात्याला जौहरदार म्हणतात. कलात्मक सुऱ्या घडवणारे आजचे अमेरिकी आणि युरोपी कारागीर या पोलादाला ‘वुट्झ’ म्हणतात.

त्याच्या कुळाची एक थोर शाखा परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेहून फार लांब नाही. पूर्णा गावाच्या खालच्या अंगाला पूर्णा नदी गोदावरीला मिळते. तिथून गोदावरी नांदेडवरून पुढे बासरकडे तेलंगणात उतरते. त्याच मुलखात, निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. परभणी, नांदेड आणि निजामाबाद हे तिन्ही मुलूख एकोणिसाव्या शतकात निजामाच्या एकाच राज्यात होते. कोनासमुद्रमचे पोलाद इराणपर्यंत जात असे. तिथून ते घ्यायला व्यापारी स्वतः येत.

हे लिहून ठेवले डॉ. हेन्री वॉयसी यांनी. विल्यम लॅम्बटन यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ते शल्यवैद्य आणि भूशास्त्रज्ञ होते. 1824 मध्ये ते वारले आणि कोनासमुद्रमच्या भट्ट्यांचे त्यांचे वर्णन 1832 मध्ये छापले गेले. वॉयसी गावात पोचले तेव्हा इस्फहानचा एक व्यापारी तिथे मुक्काम ठोकून होता. भट्टी लागताना तो हजर असे आणि तयार वड्या पारखून घेई. इराणात हेच पोलाद करून पाहण्याचे प्रयत्न झाले होते, पण ते फसले होते. माल हवा तर भट्टीपाशी यावे लागे.

भट्टीचे काम सोपे नव्हते. दोन ठिकाणचे लोखंड ठरलेल्या प्रमाणात घ्यायचे, त्यात थोडी काच घालायची आणि सगळे मातीच्या मुशीत बंद करायचे. मुशीच्या मातीत भाताचा कोंडा मळलेला असे. तो जळून त्याचा कोळसा होई आणि मूस कडक आचेला तग धरी. मग माणसे बदलून बदलून चोवीस तास भाता चालू. तामिळनाडूत सालेमकडच्या भट्ट्यांत मुशीत तरवडाच्या वाळक्या काड्या आणि रुईची पाने घालत. मराठवाड्याच्या बांधावर आजही दिसणारी ही दोन्ही झुडपे तिथे लोखंडाला कार्बन पुरवत. आतले लोखंड पुरते वितळे, सावकाश निवे आणि मूस फोडली की पोलादाची वडी हाती येई. कार्बनचे प्रमाण सुमारे दीड टक्का, म्हणजे साध्या पोलादापेक्षा बरेच जास्त.

वॉयसींच्या दीडएकशे वर्षे आधी फ्रेंच जवाहिऱ्या झाँ बाप्तिस्त तावेर्निये याने लिहून ठेवले आहे की, नक्षी उमटते ती फक्त गोवळकोंड्याच्या राज्यातल्या पोलादावर. वडी छोट्या पावाएवढी असे. ती अस्सल आहे का, हे पाहण्यासाठी मधोमध कापत; अर्ध्या वडीत एक तलवार होई.

पुढचा खेळ लोहाराच्या हातात. हे पोलाद जास्त तापवले तर ठिसूळ होऊन तुकडे पडतात, कमी तापवले तर वाढत नाही. मंद लाल आचेवर, पुन्हा पुन्हा तापवून, हलक्या हाताने ठोकत वडीची पट्टी करायची. नंतर पाते घासून, चकाकी आणून त्याला क्षाराचा हात द्यायचा, तेव्हा कुठे रेघा वर येतात. पात्याला झळाळी देणाऱ्या शिकलगारांची घराणी महाराष्ट्रात आजही त्याच आडनावाने नांदत आहेत.

मागणी देऊन घडवलेल्या शस्त्राची हौस दख्खनच्या दरबारांत शिगेला पोचली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोळाव्या शतकातला एक दख्खनी खंजीर आहे, लांबी सुमारे 40 सेंटीमीटर. त्याच्या सोनेरी मुलाम्याच्या, माणके जडवलेल्या मुठीवर सर्प-मकरासारखा प्राणी सिंहावर झेपावतो आणि सिंह हरणावर. विजापूरचा पहिला अली आदिलशहा 1558 ते 1580 या काळात गादीवर होता; त्याच्या वेळच्या चित्रांत अशाच मुठी दिसतात. असे शस्त्र हे लढाईपेक्षा कमरेला लावून मिरवायचे आणि शेजाऱ्याच्या हातात देऊन दाद घ्यायचे होते.

मग बाजार फिरला. 1856 मध्ये हेन्री बेसेमर यांनी स्वस्त पोलादाची रीत काढली. 1878 च्या कायद्याने ब्रिटिश हद्दीतल्या प्रजेच्या हातातली शस्त्रे परवान्याखाली आली. भट्ट्या थंडावल्या आणि कृती कारागिरांबरोबर गेली. ती परत उभी करायला आयोवा स्टेट विद्यापीठाचे जॉन व्हर्होव्हेन आणि फ्लोरिडातला घोड्यांना नाल ठोकणारा लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी वर्षानुवर्षे मुशी चढवल्या. 1990 च्या दशकात त्यांनी दाखवून दिले की नक्षीचे मर्म लोखंडात मिसळलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या नाममात्र अंशात आहे. म्हणजे खाण बदलली की नक्षी गेली. व्यापारी गावात तळ ठोकून का बसत, याचे एक उत्तर त्या खनिजात सापडते.

आज पूर्णेच्या पट्ट्यात घिसाडी गाडीच्या जुन्या पाट्यातून विळे, कोयते, खुरपी घडवतात. पाट्याचे पोलाद उत्तम असते. सुऱ्या घडवणारे अनेक परदेशी कारागीरही ते आवडीने वापरतात. त्यात जौहर मात्र उमटत नाही. इथे कुणाला हौसेची सुरी करून घ्यायची असेल, तर पात्याची लांबी-रुंदी आधी ठरवावी आणि परवान्याचे नियम विचारून घ्यावेत. मग मुठीचे लाकूड आपण निवडून द्यावे आणि भात्याजवळ बसून काम पाहावे. जुन्या भट्ट्यांच्या खुणा मात्र पुसलेल्या नाहीत. कोनासमुद्रमच्या परिसराचे सर्वेक्षण 2010 मध्ये इंग्लंडच्या एक्झिटर विद्यापीठाने आणि भारतीय संशोधकांनी मिळून केले. उत्तर तेलंगणात लोखंड-पोलादाच्या शेकडो जागा नोंदवल्या गेल्या. मळीचे ढीग आणि फुटक्या मुशींचे तुकडे तिथल्या शेतांत अजून सापडतात. किल्ल्यांची आणि लेण्यांची होते तशीच त्यांचीही राखण व्हायला हवी.