पाण्यावरची माशी, गळावरची माशी

ट्राउट हा थंड, स्वच्छ आणि वाहत्या पाण्याचा मासा. पाण्यात वाढणारे किडे हे त्याचे रोजचे खाणे, आणि त्यांत मेफ्लायचा मान मोठा. बारीकशा गळावर रेशीम, केस आणि कोंबड्याची पिसे गुंडाळून या मेफ्लायची नक्कल बांधायची आणि ट्राउटला ती खरी वाटावी अशा रीतीने पाण्यावर सोडायची, एवढाच या विद्येचा विषय. पण माणूस या विषयात फार पूर्वीपासून रमला आहे. रोमन काळातल्या एलियनने मॅसेडोनियातल्या कोळ्यांचे वर्णन करून ठेवले आहे. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि तिच्यावर कोंबड्याची दोन पिसे बसवत. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवर १४९६ साली छापलेल्या निबंधात बारा माश्यांच्या कृती आहेत.

या विद्येत नव्याने येणाऱ्याने गळ हातात घेण्याआधी किड्याची ओळख करून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. मेफ्लायचे जवळजवळ सगळे आयुष्य पाण्याखाली जाते. ‘एफेमेरा डानिका’ ही इंग्लंडमधली मोठी जात साधारण दोन वर्षे नदीच्या गाळात बीळ करून राहते. ही तिची निम्फ अवस्था. मेच्या मध्यानंतर ती वर येते, पाण्याच्या पृष्ठभागावरच कात टाकते आणि धुरकट पंख शिडासारखे उभे धरून प्रवाहाबरोबर वाहत जाते. या रूपाला गळवाले ‘डन’ म्हणतात. मग ती उडून काठच्या झाडाझुडपांत बसते आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकते. उडण्याजोगे पंख आल्यावरही कात टाकणारे कीटक आज जगात हेच. आता पंख पारदर्शक होतात, शेपट्या लांबतात. पण तोंड निकामी असल्याने खाणे नाहीच. मीलन होते, मादी अंडी घालते आणि पंख पसरून पाण्यावर पडते. हा ‘स्पिनर’. निम्फ, डन आणि स्पिनर ही एकाच किड्याची तीन रूपे आहेत, आणि ट्राउट पुष्कळदा तिन्हींपैकी एकच टिपत असतो. तो या घडीला कोणते रूप टिपतो आहे, हे ओळखणे म्हणजे अर्धी विद्या.

उरलेली अर्धी विद्या माशाच्या डोळ्यात आहे. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी सुमारे ९७ अंशांच्या शंकूत मावते. मासा एक फूट खोल असेल तर तिचा व्यास सव्वादोन फुटांच्या आसपास भरतो. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरसाच वाटतो, आणि त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. डन या आरशावरून वाहत येते तेव्हा आधी दिसतात ते तिच्या पायांनी पृष्ठभागावर पाडलेल्या खळग्यांचे प्रकाशबिंदू. खिडकीच्या कडेशी येताच पंखांची टोके दिसू लागतात. अंग आणि रंग दिसतात ते अगदी शेवटी. नवखा बांधणारा मात्र सगळा जीव रंगावर काढतो. माशी पाण्यावर कशी बसते हे त्याने आधी पाहावे. गळाभोवती आडवे गुंडाळलेले कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस, म्हणजे हॅकल, तिला पाण्यावर तोलून धरते आणि पायांचे ते खळगेही उमटवते.

हॅम्पशरमधल्या टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकातून झिरपणाऱ्या झऱ्यांवर वाहतात. पाणी नितळ, प्रवाह संथ. त्यामुळे मासा काय खातो हे काठावरून दिसते. या विद्येतला सर्वांत मोठा वाद इथे झाला, यात नवल नाही. फ्रेडरिक हॅल्फर्डने १८८६ साली तरंगणाऱ्या माश्यांवर पुस्तक लिहिले. मासा वर येऊन किडा टिपताना दिसला की त्याच किड्याची हुबेहूब, कोरडी नक्कल प्रवाहाच्या वरच्या दिशेने टाकायची, हा त्याचा दंडक. त्याच्या अनुयायांनी त्याचे धर्मशास्त्र केले. इचेनवर मासे धरणारे वकील जी. ई. एम. स्क्यूज यांनी मेलेल्या ट्राउटच्या पोटातला ऐवज चमच्याने काढून बशीतल्या पाण्यात पसरला आणि त्यात त्यांना निम्फ दिसले. मासा पृष्ठभागाखालीही खात होता, तेही भरपूर. १९१० च्या पुस्तकात त्यांनी बुडत्या माशीची बाजू मांडली. वाद इतका लांबला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चा झाली. माझ्या मते स्क्यूजच बरोबर होते. मात्र किड्याकडे बारकाईने पाहण्याची शिस्त हॅल्फर्डने घालून दिली, हे ऋण त्यांच्या बाजूच्या माणसांनीही मानावे.

स्क्यूज यांचा विचार पुढे फ्रँक सॉयर यांनी पुरा केला. विल्टशरमधल्या एव्हन नदीची राखण करणाऱ्या या माणसाने फेझंटच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावर निम्फ बांधली. तारच दोरा, तारच वजन. पाय त्यांनी मुद्दाम गाळले, कारण पोहणारी निम्फ पाय अंगाशी घट्ट धरते हे त्यांनी नदीत पाहिले होते. या विद्येतली इतकी निर्दोष दुसरी कृती मला ठाऊक नाही.

भारतात ट्राउट मूळचा नाही. ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांतून १९०० साली तो काश्मीरच्या नद्यांत रुजला. निलगिरीच्या थंड ओढ्यांत रेनबो ट्राउट आहे. महाराष्ट्रातले पाणी त्याला मानवण्याजोगे थंड नाही. मेफ्लाय मात्र सह्याद्रीच्या ओढ्यांत आहे. म्हणून पुण्या-नाशिकच्या वाचकाला या विद्येचा पहिला धडा घरापासून फार दूर न जाता गिरवता येईल. पाऊस ओसरला की वाहत्या ओढ्यातला एखादा दगड हलकेच उलटा. चपट्या अंगाची, बहुधा तीन शेपट्यांची, पोटाच्या दोन्ही बाजूंना कल्ले असलेली निम्फ त्याला चिकटलेली सापडेल. ती नीट पाहा, जमल्यास तिचे चित्र काढा, आणि दगड होता तसा परत ठेवा. गळ आणि पिसे त्यानंतर विकत घ्या.