जोगेश्वरीच्या टेकडीवरची अरबी

माहीमच्या मखदूम बाबांचा उरूस आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. डिसेंबरमध्ये जत्रा भरते, पोलिसांचा संदल वाजतगाजत येतो, फुलांच्या चादरी चढतात. नवस बोलायला येणाऱ्यांत हिंदू-मुसलमान असा भेद नसतो. मात्र बाबा लेखक होते, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असते. मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे ह्याच किनाऱ्यावरच्या नवायत समाजातले, म्हणजे तुमच्या-आमच्या कोकणपट्टीचेच. त्यांनी ‘तब्सीरुर्रहमान’ हे कुराणाचे भाष्य लिहिले, तेही थेट अरबीत. जवळजवळ प्रत्येक सूरेच्या आरंभी तीच बिस्मिल्ला येते. पण त्या त्या सूरेच्या आशयाप्रमाणे तिचा वेगळा अर्थ लावायचा, ही त्यांची खास पद्धत. पुढे हे भाष्य कैरोजवळच्या बुलाक छापखान्यात १८७८ च्या सुमारास छापले गेले. अरबांच्या देशात अरबी वाचकांसाठी छापलेला माहीमच्या माणसाचा ग्रंथ! आपण मात्र त्याच्या कबरीवर फूल वाहतो आणि लोकल पकडतो.

ह्याचे कारण शोधू गेलो की आपल्या बालपणातला मकतब आठवतो. कायदा संपला, सिपारे सुरू झाले, एक दिवस कुराण ‘खतम’ झाले, घरी मिठाई वाटली गेली. वाचता सारे येत होते, समजत काहीच नव्हते. त्या शिक्षणाला मी नावे ठेवणार नाही. अक्षरओळख आणि उच्चारांची शिस्त त्यानेच दिली. पण त्याने एक गैरसमजही दिला. अरबी ही आपलीच भाषा आहे, असे आम्हाला वाटू लागले. आणि जी आपलीच आहे ती शिकायची कशाला? फ्रेंच किंवा जर्मन घेणारा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून जाणून असतो की ही भाषा परकी आहे, हिच्या व्याकरणापुढे मान तुकवावी लागेल. आम्ही अरबीला कधी परके मानलेच नाही, म्हणून ती आम्हाला कधी आलीच नाही.

माहीमनंतरचे सहावे स्टेशन जोगेश्वरी. तिथल्या टेकडीवर १९३० साली इस्माईल युसुफ कॉलेज उभे राहिले. त्या वेळी हा भाग मुंबई शहरात मोडतही नव्हता. महापालिकेची हद्द इथवर आली ती १९५० मध्ये. जहाजाच्या धंद्यातल्या सर मोहम्मद युसुफ यांनी वडिलांच्या नावाने सरकारला आठ लाख रुपये दिले होते, त्यातून हे कॉलेज झाले. न्हाव्याच्या किनाऱ्यावर खलाशी घडवणारी संस्थाही ह्याच घराण्याची. मुसलमान मुलांनी आधुनिक विषय शिकावेत आणि त्याच छपराखाली अरबी-फारसीही विद्यापीठाच्या तोलाने शिकावी, असा त्या देणगीमागचा विचार होता. सरकारी कॉलेज असल्याने दार सर्वांना उघडे होते. पार्ल्याचे पु. ल. देशपांडे काही काळ इथले विद्यार्थी, नालासोपाऱ्याचे डॉ. रफिक झकेरियाही इथलेच. पुढच्या पिढीत कादर खानही ह्याच आवारात शिकले. उर्दूचे प्राध्यापक नजीब अशरफ नदवी तर औरंगजेबाच्या फारसी पत्रांचे संपादक म्हणून विद्वानांत मान्यता पावलेले.

टेकडीवरच्या अरबीत आणि मकतबातल्या अरबीत फरक तो काय? मकतबात शब्द पाठ होतो. विद्यापीठात तो उलगडून पाहायचा असतो. अरबीत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या धातूवर उभे असतात. ‘ह-स-ल’ घ्या. त्यातून हासिल, महसूल, तहसील. आपला सातबारा ज्या कचेरीतून येतो ती तहसील, तिथे भरतो तो महसूल, आणि खेटे घालून काम झाले नाही की ‘ह्यात काय हशील?’ म्हणतो, तोही त्याच धातूचा. ‘ज-म-अ’ घ्या. गावची जमात, शुक्रवारचा जुमा, वहीतली जमा, आणि पेशवाईतला मुजुमदार, सारे एका घरचे. मुजुमदार आडनावाच्या एखाद्या ब्राह्मण मित्राला हे सांगून पाहा, चहा तोच पाजील.

‘गरीब’ ह्या शब्दाची तर गंमतच आहे. मराठीत गरीब म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी, परगावचा. धातू तोच, ज्यातून मगरिब येते, सूर्य जिथे दूर निघून जातो ती दिशा. परमुलखात आलेल्याला आधार नसतो, म्हणून इकडच्या भाषांत येईतो परक्याचा कंगाल झाला. रोज वापरायचा शब्द. पण त्याची ही वाट अरबी परकी म्हणून शिकल्याशिवाय दिसत नाही.

फारसीची कथा थोडी वेगळी. कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने फारसीला कचेऱ्यांतून बाहेर काढण्याचा मार्ग मोकळा केला, आणि पोटापाण्याची भाषा म्हणून तिचे महत्त्व संपले. पुढे विद्यापीठात ती अभिजात भाषा म्हणून उरली. आता गंमत पाहा, मराठीत फारसीचा सर्वांत मोठा अभ्यासक कोण? माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले कवी माधव जूलियन (१८९४–१९३९). बडोद्याला फारसी शिकले, पुण्याला फर्ग्युसनमध्ये आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवीत राहिले. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला, उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या, मराठी गझलेची वाट त्यांनीच मोकळी केली. आणि ह्याच गृहस्थांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून मराठीतल्या फारसी-अरबी शब्दांना निरोप द्यायची भूमिका घेतली! मला ती पटत नाही. पण एक मान्य करावे लागते, ज्या शब्दांना ते बाहेर काढू पाहत होते ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. आपण त्या शब्दांच्या बाजूने भांडतो खरे, पण कोश त्यांचा उघडतो.

सेतुमाधवराव पगडींचेही तसेच. मोगल दरबाराची बातमीपत्रे आणि खाफीखान त्यांनी मराठीत आणले. शिवकाळाची निम्मी साक्ष फारसीत आहे. ती ज्याला वाचता येते तोच त्या काळाविषयी अधिकाराने बोलू शकतो. इतिहासाच्या नावाने आपल्यावर कुणी काही आरोप केला की आपण सभा घेतो, निवेदन देतो. बखरीसमोर फर्मान ठेवून दोन्ही वाचून दाखवणारा मराठी मुसलमान शोधायला गेलो तर बोटे पुरी होणार नाहीत.

अपवाद मोठा आहे, तो सांगायलाच हवा. आसफ अली असगर फैजी (१८९९–१९८१). माथेरानला जन्म, मुंबईत झेवियर्समध्ये शिक्षण, मग केंब्रिजला अरबी-फारसीचा अभ्यास. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे ते प्राचार्य होते आणि इजिप्तमध्ये भारताचे राजदूतही. पण त्यांचे खरे काम वेगळेच. दहाव्या शतकातला फातिमी न्यायपंडित काझी नुमान याचा ‘दआइमुल इस्लाम’ हा ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपाने घराघरांत जपलेला होता. फैजींनी अनेक पोथ्या शेजारी ठेवल्या, एकेक पाठभेद तपासला आणि ग्रंथ कैरोहून छापून घेतला. पहिला खंड १९५१ साली आला. स्वतः सुलेमानी बोहरा असल्याने हा त्यांच्या घरचाच वारसा. तरी ‘आमचा ग्रंथ’ म्हणून डोळे मिटून त्यांनी तो वाचला नाही. परक्याने वाचावा तसा, अक्षर अक्षर संशय घेत वाचला. १९५७ मध्ये आपला इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह त्यांनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकला आणि १९६५ मध्ये विद्यापीठाने त्याची वर्णनात्मक सूची छापली. कपाटात कुलूपबंद राहणाऱ्या पोथ्या जातधर्म न विचारता अभ्यासकाच्या टेबलावर आल्या. त्यांच्या आधुनिक विचारांवर आपल्याकडे वाद झाले, पुढेही होतील. पण वाद घालणाऱ्यांपैकी कितींना त्यांच्याइतकी अरबी येत होती?

आज कलिन्याच्या विद्यानगरीत अरबी, फारसी, उर्दू हे विभाग आहेत. उपनगरातल्या कॉलेजात शिकणारी आपली मुलेमुली मात्र बारावीला फ्रेंच घेतात, कारण ती ‘स्कोअरिंग’. त्यांना दोष कसा द्यावा? एम.ए. अरबी होऊन नोकरी कुठली, हा बापाचा प्रश्न खराच आहे. घरखर्च चालवणारी अरबी निराळीच होती. १९७० नंतर रत्नागिरी-रायगडची घरेच्या घरे कुवेत, दुबई, मस्कतच्या पैशावर उभी राहिली. तिथली बाजारी अरबी गडी महिन्याभरात शिकत. ‘फुलूस माफी’ म्हणजे पैसे नाहीत, ‘शुगल माफी’ म्हणजे काम नाही.

आमच्या गावचे एक चाचा पंचवीस वर्षे कुवेतला काढून परतले. जोगेश्वरीत मुलाकडे राहत असत. एकदा इशाच्या नमाजानंतर त्यांनी मला गाठले. म्हणाले, “बाबा, तू शिकलेला, एक सांग. आयतुल कुर्सीत दोनदा ‘मा फी’ येते. आमच्या कुवेतात माफी म्हणजे नाही. मग आकाशात काही नाही, जमिनीवर काही नाही, असं अल्ला सांगतो काय? उभी हयात मी ही आयत पढतोय.”

मी गडबडलो. मलाही येत नव्हते. दुसऱ्या दिवशी अरबीच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी कागद घेतला आणि ‘मा’ हे एकच अक्षररूप पाच वेळा लिहिले. एक ‘मा’ नकाराचा. एक प्रश्नाचा. एक ‘जे जे’ ह्या अर्थाचा. एक आश्चर्याचा. एक अटीचा. आयतेतला ‘मा’ तिसरा : आकाशात जे जे आहे आणि जमिनीवर जे जे आहे ते सारे त्याचे. कुवेतच्या बाजारातला ‘मा’ पहिला. कानाला दोन्ही सारखे, अर्थ मात्र नेमका उलटा.

तो कागद मी चाचांना नेऊन दिला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, “हे शिकायला आता कुठं जायचं? वयाची अट असते काय रे?”