धन टोक सांगाड्याला की ऋण?



शेतावरच्या पंपाची मोटर दुरुस्त करून वायरमन घरी जातो, आपण बटण दाबतो, आणि मोटर उलटी फिरू लागते. तीन फेजच्या तारांपैकी दोन तारांची अदलाबदल झालेली असते. त्या पुन्हा बदलल्या की काम भागतं. जुन्या मोटारगाडीत मात्र बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या, तर काही वस्तूंना त्याचा पत्ताही लागत नाही आणि काही वस्तू क्षणात जळून जातात. असं का व्हावं? याचं उत्तर थोडं शास्त्रात आहे आणि बरंचसं इतिहासात आहे.

फ्रान्समध्ये १७३३ साली द्यु फे या शास्त्रज्ञाला आढळलं की काच घासून येणारी वीज वेगळी आणि राळ घासून येणारी वेगळी. पुढे १७४७ मध्ये अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिननं म्हटलं, वीज एकच आहे. एका जागी ती अधिक झाली की दुसऱ्या जागी उणी होते. घासलेल्या काचेवर ती अधिक, असं त्यानं धरलं. ‘धन’ आणि ‘ऋण’ ही भाषा तिथून आली. पण तो अंदाज होता. १८९७ साली जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधून काढला, आणि तारेतून वाहणारे कण ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात हे पुढे उलगडलं. अंदाज उलटा ठरला! तरी जगानं नावं बदलली नाहीत. हिशेब दोन्ही रीतींनी तोच येतो, मग बदलून मिळवायचं काय?

आता मोटारीकडे वळू. मोटारीत दिव्याकडे जाणारी तार एक असते. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. त्यासाठी बॅटरीचं एक टोक सांगाड्याला जोडतात. त्याला ‘अर्थ’ म्हणतात. १९३० च्या दशकात इंग्लंडच्या मोटार कारखान्यांनी त्यासाठी धन टोक पसंत केलं. अमेरिकेतल्या फोर्ड गाड्यांतही १९५५ पर्यंत हीच रीत होती. आपल्याकडची अँबॅसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घडवली, ती गाडीही याच रीतीची. हे अडाणीपण नव्हतं. ओलाव्यात धन बाजूचं तांबं लवकर खाल्लं जातं. म्हणून तारा ऋण बाजूला ठेवाव्यात, असा विचार त्यामागे होता. टेलिफोन एक्स्चेंजमधली ४८ व्होल्टची बॅटरी याच कारणानं धन टोकानं जमिनीला जोडतात.

मग मोटारींनी रीत का बदलली? कारण ट्रान्झिस्टर आणि डायोड आले. डायोड म्हणजे विजेचा फूटव्हॉल्व्हच. एकाच बाजूनं वाट देतो. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसला, त्याच्या पोटात असे डायोड असतात. अशा वस्तूंसाठी सर्वांची रीत एक असणं सोयीचं झालं. फोर्डनं १९५६ मध्ये १२ व्होल्टची बॅटरी घेताना ऋण टोक सांगाड्याला जोडलं. जग्वार ई-टाइप १९६४ मध्ये आणि एमजीबी १९६७ मध्ये त्याच वाटेनं गेली.

जुनी गाडी नव्या रीतीवर आणायची, तर बॅटरी फिरवून भागत नाही. बॅटरीचं धन टोक जाड आणि ऋण टोक बारीक असतं, म्हणून तारांचे क्लॅम्पही बदलावे लागतात. इग्निशन कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल करायची, नाहीतर प्लगची ठिणगी कमजोर होते. अँमीटरच्या तारा बदलायच्या, नाहीतर बॅटरी भरताना काटा रिकामी होतेय म्हणून सांगेल. डायनॅमोच्या लोखंडात जुन्या दिशेचं चुंबकत्व उरलेलं असतं. त्यासाठी इंजिन बंद ठेवून, डायनॅमोच्या ‘एफ’ टोकाची तार सोडवून, बॅटरीच्या जिवंत बाजूची तार त्या टोकाला काही क्षण लावायची. दिवे आणि हॉर्न यांना काहीच फरक पडत नाही. स्टार्टरही उलटा फिरत नाही, कारण त्यातल्या दोन्ही गुंडाळ्यांतली वीज एकदमच उलटते.

माझ्या एका स्नेह्यानं हे सारं मन लावून केलं. विसरला तो जुना ट्रान्झिस्टर रेडिओ. बटण फिरवलं, एक करपट वास आला, आणि रेडिओ कायमचा मुका झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं बॅटरीजवळ मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली: ‘ऋण टोक सांगाड्याला’. ही चिठ्ठी फार मोलाची. उद्या एखादा मिस्त्री गाडीबरोबरचं जुनं पुस्तक पाहून प्रामाणिकपणे तारा जोडील आणि अल्टरनेटर जाळून बसेल. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

शिक्षकबंधूंनी वर्गात या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. फ्रँकलिनची चूक जगानं तशीच ठेवली, कारण तिनं कुणाचं अडत नव्हतं. मोटारींची रीत चूक नव्हती, तरी ती बदलली, कारण नव्या वस्तूंचं तिच्याशी जमेना. जुनं ते वाईट म्हणून रीत बदलत नसते. गरज पडली म्हणून बदलते. आणि ती बदलली, की ज्याच्या-ज्याच्यापर्यंत तार पोचते, त्या प्रत्येकाला तसं कळवावं लागतं.