इनामगांवचें कोठार



ज्यांनीं एकहि अक्षर लिहून ठेविलें नाहीं, त्यांच्या गरिबीश्रीमंतीचा हिशेब त्यांच्या घरांच्या अवशेषांवरून लावतां येतो. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं वसलेलें इनामगांव याची साक्ष देतें. १९६८ ते १९८३ या काळांत डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी व धवळीकर या संशोधकांनीं तेथें उत्खनन केलें.

इ. स. पूर्व १४०० नंतरचीं चार शतकें गांवाच्या भरभराटीचीं होतीं. घरें चौकोनी, ठेंगण्या मातीच्या भिंतींचीं. एक घर मात्र पांच खोल्यांचें आणि त्याला लागूनच धान्याचें कोठार! तें गांवच्या प्रमुखाचें असावें, असें उत्खनकांचें अनुमान आहे. म्हणजे उच्चनीचभाव तेव्हांहि होताच. परंतु त्याच काळांत बांध घालून पाटानें पाणी वळविलेलें होतें. हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान घटलें, असें धवळीकरांचें मत. वरच्या थरांत बहुधा लहान गोल झोंपड्याच दिसतात. शेती खालावली, शिकारीवर भिस्त वाढली. इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गांव ओस पडलें.

धान्य कोणाच्या दाराशीं सांठावें आणि पाणी किती दिवस पुरेल, हे दोन प्रश्न आपण आज निरनिराळे मानतों. इनामगांवीं ते एकाच मातींत गुंतलेले आढळतात. थोरल्या घराशेजारचें कोठार गांवाला तारूं शकलें नाहीं. उत्खनन आपणांस कायदा करून देत नाहीं, पुरावा देतें. तो डोळ्यांआड करूं नये, एवढेंच सांगणें.